पहाटे गाडी धरत नाही? आधी लक्षण ओळखा, मग पार्ट बदला

गाडी वेळेवर निघाली नाही तर बाजार गेला, हे भोर-वेल्हे भागात कापडाचे गठ्ठे घेऊन आठवडे बाजार करणाऱ्याला सांगावे लागत नाही. उशिरा पोचणाऱ्याला कोपऱ्यातली जागा मिळते आणि गिऱ्हाईक तोवर दुसरीकडून घेऊन मोकळे झालेले असते. उधारीची वसुलीही पुढच्या आठवड्यावर जाते.

माझी इंजेक्शनवाली पेट्रोल व्हॅन पंधरा वर्षांची आहे. मागच्या थंडीत ती पहाटे धरेनाशी झाली. मेकॅनिकने बॅटरी बदलायला लावली, मग प्लग, मग कॉइल. पैसे गेले, वेल्ह्याचे दोन बाजार बुडाले, गाडी मात्र होती तशीच. शेवटी दोष निघाला पेट्रोल पंपातल्या एका लहानशा झडपेत. हा तजुर्बा व्यापारी व कारागीर बंधूंच्या कामी यावा म्हणून हे लिहीत आहे.

जुन्या सवयी सोडा

2000 साली देशभर नवे प्रदूषण नियम लागू झाल्यावर पेट्रोल गाड्यांतून कार्ब्युरेटर मागे पडला आणि इंजेक्शन आले. यात टाकीतला विजेचा पंप साधारण तीन बार दाबाने पेट्रोल पुढे पाठवतो. सेन्सर जे सांगतील त्यानुसार कॉम्प्युटर इंजेक्टर उघडतो. त्यामुळे पूर्वीसारखे अ‍ॅक्सिलरेटर सारखे दाबून जादा पेट्रोल जात नाही. गाडी पुन्हा पुन्हा धक्का मारून चालू करणेही नुकसानीचे आहे, कारण न जळलेले पेट्रोल सायलेन्सरकडे जाऊन तेथील महागडा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करते.

सेल्फ कसा फिरतो?

सेल्फ जड फिरत असेल तर आधी टर्मिनल घासा, अर्थिंगची वायर घट्ट करा. बंद गाडीत बॅटरी साडेबारा व्होल्टच्या आसपास हवी. सेल्फ मारताना ती साडेनऊच्या खाली गेली तर दोष बहुधा बॅटरीचा. सेल्फ जोरात फिरूनही इंजिन धरत नसेल तर उगाच बॅटरी बदलू नका, दोष दुसरीकडे आहे.

थंड गाडीचा त्रास

चावी ऑन करताच मागून दोन-तीन सेकंद पंपाची घरघर ऐकू यायला हवी. आवाज नसेल तर फ्यूज, रिले, वायर आणि मग पंप, या क्रमाने तपासावे.

आवाज आहे पण गाडी धरत नाही, अशा वेळी चावी तीन वेळा ऑन-ऑफ करा. दर वेळी ऑन ठेवून तीन सेकंद थांबा आणि मगच सेल्फ मारा. आता लगेच धरली तर समजावे की रात्रभरात पेट्रोलचा दाब उतरतो. पंपातली झडप दाब धरत नसेल किंवा एखादा इंजेक्टर गळत असेल. इंजेक्टर गळत असल्यास एक प्लग ओला निघतो आणि सुरू होताना काळा धूर येतो. माझ्या गाडीत चारही प्लग कोरडे होते, म्हणून संशय झडपेवर गेला. दाबाचा गेज लावल्यावर तो खरा ठरला.

दुसरा गुन्हेगार म्हणजे इंजिनाच्या पाण्याचे तापमान सांगणारा सेन्सर. इंजिन थंड असताना त्याने ‘गरम आहे’ असे सांगितले तर कॉम्प्युटर पेट्रोल कमी देतो. म्हणजे जुन्या गाडीत चोक न ओढण्यासारखेच झाले. बऱ्याच गाड्यांत 20 अंशांवर त्याचा रेझिस्टन्स दोन-अडीच हजार ओहम आणि 80 अंशांवर तीनशेच्या आसपास असतो.

गरम गाडीचा त्रास

सकाळी एका झटक्यात धरते, पण बाजारात थोडा वेळ उभी केल्यावर धरत नाही आणि अर्ध्या तासाने आपोआप सुरू होते, असे असेल तर क्रँक सेन्सर पाहावा. तापल्यावर तो गप्प बसतो आणि ठिणगी पडत नाही. सेल्फ फिरताना आरपीएमचा काटा अजिबात हलत नसेल तर संशय पक्का होतो. पेट्रोलचा वास येत असेल तर इंजिन ओव्हर झाले आहे. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि सेल्फ मारा. बहुतेक गाड्यांत त्याने पेट्रोल बंद होऊन इंजिन मोकळे होते.

आपल्या भागाची काळजी

घाटमाथ्याच्या पावसात ओल कनेक्टरमध्ये शिरते आणि गोठ्याशेजारी उभ्या गाडीच्या वायरी उंदीर कुरतडतात. बॉनेट उघडून आधी ते बघा. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते. ते पाणी ओढते आणि जुन्या रबरी नळ्यांना मानवत नाही, म्हणून नळ्या तपासून घ्या. गाडी रोज रिझर्व्हवर चालवू नका. टाकीतल्या पेट्रोलनेच पंप थंड राहतो. सेल्फ एका वेळी पाच-सात सेकंदच मारा आणि मध्ये अर्धा मिनिट थांबा. दाबाखालची पेट्रोलची नळी स्वतः उघडू नका, आगीचा धोका असतो.

गॅरेजमध्ये जाण्यापूर्वी गाडी कधी धरत नाही, सेल्फ कसा फिरतो, पंप वाजतो का, धूर आणि वास कसा येतो, हे चार मुद्दे कागदावर लिहून न्या. नवा पार्ट घालण्याआधी ‘तपासून दाखवा’ असे मिस्त्रीला नम्रपणे सांगा. ठाण उलगडून पाहिल्याशिवाय आपण माल घेत नाही, मग गाडीचा पार्ट तरी अंदाजाने का घ्यावा?