अद्भुताचे नियम

खेळातल्या जगात ड्रॅगन उडतो, याला खेळणारा हरकत घेत नाही. मारला गेलेला राजा पुढच्या प्रवेशात कारणाशिवाय दरबारात बसलेला दिसला, की मात्र त्याचे मन कथेतून उठते. अद्भुतकथेत वास्तवाशी साम्य लागत नाही. त्या जगाने एकदा घालून घेतलेले नियम पाळावे लागतात.

चाहत्यांच्या कथानकांत हे अधिक अवघड, कारण जग दुसऱ्याने रचलेले असते. ‘स्कायरिम’ हा संगणकीय खेळ २०११ साली आला आणि पुढच्याच वर्षी त्यात भर घालण्याची साधने खेळाडूंना मिळाली. हौशी मंडळींनी त्यात नवी गावे वसवली, नव्या मोहिमा रचल्या. जर्मनीतल्या ‘शूरएआय’ गटाने २०१६ मध्ये त्याच सांगाड्यावर ‘एन्डेरल’ हे वेगळेच जग उभे केले. तिथे जादूने किंवा काढ्याने जखम भरली की अंगात एक ज्वर चढतो. तो शंभर टक्क्यांवर गेला की नायक मरतो. जादूला अशी किंमत असल्यामुळेच ती खरी वाटते.

ठरलेल्या जगात भर घालण्याची ही मोकळीक मराठी मुलखात फार जुनी आहे. सिंधुदुर्गातल्या दशावतार या लोकनाट्याला लिखित संहिता नसते. आख्यान आणि प्रवेशांचा क्रम ठरतो. संवाद कलावंत रंगमंचावरच रचतात. पुराणातल्या कथांबरोबर काल्पनिक आख्यानेही होतात. त्यातला राजा, राणी, त्यांच्यावरचे संकट, सगळे नवे असू शकते. एकच बाकडे सिंहासनही होते आणि प्रेक्षक ते आनंदाने मानतात. पण नारद नारदासारखाच वागला पाहिजे आणि दिलेला वर मोडता येत नाही. हिरण्यकशिपूचा वर हा याचा उत्तम नमुना: मरण दिवसा नाही, रात्री नाही, माणसाकडून नाही, पशूकडून नाही. वर शाबूत ठेवून त्यातली फट शोधली, म्हणून नरसिंह संध्याकाळी उंबरठ्यावर प्रकटतो. कल्पनेची सगळी झेप त्या अडचणीतूनच आली आहे.

नवा लेखक सर्वात मोकळा असतो तो मूळ कथेने न सांगितलेल्या जागी. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’चा २०२० मधला ‘राजी’ हा चाहत्यांचा खेळ नव्हे, पण त्याने हीच वाट धरली. दुर्गा आणि विष्णू पुराणातले; भावाला शोधणारी राजी मात्र नवी. ती सर्कशीत कसरती करणारी मुलगी आहे. त्यामुळे दुर्गेचा त्रिशूळ हाती आल्यावर तिने भिंतींवरून धावत असुरांशी लढावे, हे पटते.