झाडाला प्रश्न विचारा, उत्तर झाडच देईल

सहावीतल्या मुलाला "वर्गीकरण म्हणजे काय?" असे विचारा. व्याख्या धडाधड म्हणून दाखवील. मग त्याला वस्तीतल्या उंबराखाली उभे करा आणि विचारा, हे झाड कोणते? पुष्कळदा तो झाडाकडे न पाहता आपल्याच तोंडाकडे पाहतो. पोराचा दोष नाही. त्याला उत्तरे पाठ करून दिली, उत्तर शोधण्याची रीत कोणी दिली नाही.

ती रीत सोपी आहे. एका वेळी एकच प्रश्न विचारायचा, आणि उत्तर फक्त हो किंवा नाही. हो म्हटले की एक वाट, नाही म्हटले की दुसरी. वाट संपते तिथे नाव सापडते. अभ्यासक याला ओळखण्याची किल्ली म्हणतात. फ्रान्सच्या लामार्कने १७७८ च्या आपल्या वनस्पतींवरील ग्रंथात अशी किल्ली वापरली. सातपूर-अंबडच्या कारखान्यात पाळी करणाऱ्या बापाला मात्र लामार्क सांगायला नको. 'गो' आणि 'नो-गो' गेज त्याच्या हातातलेच आहे. जॉब गेजमध्ये जातो की अडतो, एवढाच तिथे प्रश्न.

सुरुवात घरातल्या कडधान्याच्या डब्यांपासून करावी. मग सुट्टीच्या दिवशी बाहेर पडावे. कडुनिंब, चिंच, पिंपळ, उंबर, वड, एवढी पाच झाडे पुरेत. पहिला प्रश्न : एका देठावर पुष्कळ लहान लहान पाने आहेत का? असतील तर त्यांची कड करवतीसारखी दातेरी आहे का? हो, तर कडुनिंब. नाही, तर चिंच. देठावर एकच पान असेल तर त्याच्या टोकाला लांब शेपटी आहे का? असली तर पिंपळ. नसली तर फळे खोडावर घोसाने लागली आहेत का? हो म्हणाल तर उंबर, नाही म्हणाल तर वड. फळांचा हंगाम नसेल तर पारंब्या शोधाव्यात. पाने गळून पडलेलीच घ्यावीत. रुईसारख्या झाडाचा चीक डोळ्यात गेला तर इजा होते.

दोन-तीन वेळा खेळून झाले की आईबापांनी गप्प बसावे आणि प्रश्न मुलांनाच तयार करू द्यावेत. खरी गंमत इथे आहे. एखादा विचारतो, "पान मोठे आहे का?" मोठे म्हणजे केवढे? त्याच झाडाचे कोवळे पान लहान असते, म्हणजे हा प्रश्न बाद. दुसरी विचारते, "याची पूजा करतात का?" हाही बाद! पूजा माणसे करतात, झाडाच्या अंगावर तशी काही खूण नसते.

हाच धागा सुत्तनिपातातल्या वासेट्ठ सुत्तात आहे. माणूस जन्माने श्रेष्ठ की कर्माने, असा वाद घेऊन वासेट्ठ आणि भारद्वाज हे दोन तरुण भगवान बुद्धांकडे आले. गवत, झाडे, किडे, जनावरे, साप, मासे, पक्षी यांच्यात जातीजातीच्या वेगळ्या खुणा दिसतात. माणसात डोक्यापासून पायापर्यंत तशी खूण सापडत नाही, असे बुद्धांनी त्यांना समजावले. बाबासाहेबांनी १९४८ च्या 'दि अनटचेबल्स' या ग्रंथात तोच प्रश्न आकड्यांनी तपासला. अस्पृश्य वेगळ्या वंशाचे, असे सांगणारे विद्वान होते. बाबासाहेबांनी नाकांच्या मोजमापांचे तक्ते पुढे ठेवले आणि त्याच मापांवरून दाखवले की ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात. गेज लावले, आणि फरक सापडला नाही. हे मुलांना सांगताना वयाचे भान ठेवावे, पण सांगावे.

झाडे झाली की त्रिरश्मी लेण्यांवर चढावे. इथे २४ लेणी आहेत. मुलांना विचारावे, कोणते चैत्यगृह आणि कोणता विहार? मुले पहिला प्रश्न करतील, "आत स्तूप आहे का?" त्या किल्लीने १८ क्रमांकाचे लेणे बरोबर सापडते. पण ३ क्रमांकाच्या मोठ्या विहारात शिरले की मागच्या भिंतीवर स्तूप कोरलेला दिसतो, आणि किल्ली अडते. इथे सांगण्याची घाई करू नका. भिक्खूंच्या राहण्याच्या खोल्या त्यांना मोजू द्या, १८ क्रमांकात पुन्हा जाऊन येऊ द्या. थोड्या वेळाने एखादे पोर आपणच प्रश्न दुरुस्त करते, "स्तूपाला चारी बाजूंनी फिरता येते का?"