साहेबांचा पासवर्ड तुमच्याकडे आहे का?

आज एका नेहमीच्या वाक्याबद्दल बोलू. "अरे, मला हे कॉम्प्युटरचं जमत नाही. माझा पासवर्ड लिहून घे आणि तूच करून टाक."

आपण नवीन, साहेब वयाने मोठे. नाही कसं म्हणणार? वर मनात हसूही येतं, एवढं साधं जमत नाही?

उदाहरण बँकेचं घेऊ. आज निवृत्तीला आलेल्या अनेकांनी नोकरीची सुरुवात जाडजूड लेजरवर केली. चेक आला की क्लार्क नोंद करायचा. अधिकारी नमुना सहीशी सही ताडून पास करायचा. मग टोकन नंबर पुकारला जायचा आणि पैसे मिळायचे.

१९८४ मध्ये रंगराजन समितीने बँकांच्या संगणकीकरणाची शिफारस केली. हळूहळू शाखेत संगणक आले, पुढे कोअर बँकिंग आलं, २०१६ मध्ये यूपीआय. म्हणजे ज्यांना आपण 'जुने' म्हणतो, त्यांनी एका नोकरीत कामाची पद्धत तीनदा तरी बदलली आहे. आपली अजून एकदाही बदललेली नाही!

मग अडतं कुठे? बऱ्याचदा भीतीपाशी. लेजरमध्ये चूक झाली तर रेघ मारून बाजूला सही करता यायची, चूक डोळ्यांसमोर असायची. स्क्रीनवर बटण दाबलं की पुढे काय होईल, हे दिसतच नाही.

पण एक गोष्ट बदलली नाही. एकाने भरायचं, दुसऱ्याने तपासायचं. आजच्या सॉफ्टवेअरमधलं 'मेकर-चेकर' म्हणजे लेजरच्या काळातलीच ही शिस्त. साहेबांचा पासवर्ड तुमच्याकडे आला की भरणारे तुम्ही आणि तपासणारेही तुम्हीच. एक शून्य जास्त पडलं तर पकडणार कोण? नोंदीत नाव साहेबांचं, हात तुमचा. चौकशी लागली तर दोघंही अडकणार.

त्याहून मोठं नुकसान वेगळंच आहे. हे आजोबा दर महिन्याला ठरावीक रक्कमच काढतात, आज एकदम एवढी का? सोबत आलेला माणूस कोण? हे विचारणारी अनुभवी नजरच व्यवहारातून बाहेर पडते.

मग करायचं काय? सरळ म्हणा, "सर, पासवर्ड नको. मी शेजारी बसतो, तुम्ही करा." एका दिवशी एकच काम. माऊस त्यांच्याच हातात. पायऱ्या त्यांच्या वहीत, त्यांच्याच अक्षरात. आणि चूक झाली तर ती दुरुस्त कशी करायची, हे सगळ्यात आधी दाखवा.

बदल्यात तुम्हीही एक प्रश्न विचारा: "सर, पास करण्याआधी तुम्ही नक्की काय बघता?" हे उत्तर कुठल्याही ट्युटोरियलमध्ये मिळणार नाही, आणि ते निवृत्त झाल्यावर विचारायला कोणी नसेल.

तर उद्या ऑफिसला गेलात की तो पासवर्डचा कागद आधी परत करा. भेटू पुढच्या भागात!