कुंडीतील प्रयोग आणि कुंडीचे आकारमान

वनस्पतींवरील प्रयोगाचे वृत्त लिहिताना प्रकाश, तापमान, खत व पाणी यांची नोंद काटेकोरपणे केली जाते. कुंडीचे आकारमान मात्र पुष्कळदा अनुल्लेखित राहते. कुंडी हे माती धरून ठेवणारे तटस्थ पात्र होय, असे त्यामागे गृहीत असते. वस्तुतः मुळांना मिळणारी जागा हाही वाढीवर परिणाम करणारा एक घटक आहे, आणि तो ध्यानात न घेतल्यास प्रयोगाचा निष्कर्षच बदलू शकतो.

हेंड्रिक पूर्टर व त्यांचे सहकारी यांनी २०१२ साली या विषयावरील ६५ अभ्यासांचा एकत्रित विचार केला. कुंडीचे घनफळ दुप्पट केले असता वनस्पतीचे शुष्क वजन सरासरीने ४३ टक्क्यांनी वाढते, असे त्यांना आढळले. लहान कुंडीत वाढ खुंटते ती मुख्यतः पानांच्या दर एकक क्षेत्रफळामागे होणारे प्रकाशसंश्लेषण मंदावल्यामुळे. पानांच्या रचनेतील बदलांचा वाटा त्यामानाने गौण असतो. म्हणजे मुळांची कोंडी पानांच्या कार्यापर्यंत पोहोचते.

याचे महत्त्व एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण वाढविलेल्या हवेत वनस्पतींची प्रकाशसंश्लेषणक्षमता काही काळाने घटते, असे अनेक प्रयोगांत दिसले होते. १९९१ साली डब्ल्यू. जे. आर्प यांनी त्या प्रयोगांतील कुंड्यांकडे लक्ष वेधले. ही घट प्रामुख्याने लहान कुंड्यांत आढळत होती. मोठ्या कुंड्यांत किंवा शेतात ती तशी दिसत नव्हती. वायूचा म्हणून मानलेला परिणाम बऱ्याच अंशी कुंडीचा होता. खतांच्या प्रयोगातही हाच धोका संभवतो. खत मिळालेले रोप लवकर वाढते, म्हणून कुंडीच्या मर्यादेलाही तेच आधी पोहोचते; परिणामी दोन गटांतील खरा फरक कमी भासतो.

यास्तव पूर्टर प्रभृतींनी एक सोपे प्रमाण सुचविले आहे : वनस्पतीचे शुष्क वजन कुंडीच्या दर लिटरमागे १ ग्रॅमपेक्षा अधिक नसावे. प्रचलित प्रयोगांपैकी सुमारे ६५ टक्के प्रयोग ही मर्यादा ओलांडतात, असेही त्यांनी दाखविले.

भांगेचे उदाहरण घेऊ. भारतात तिची लागवड १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेत येते. त्यामुळे संशोधनासाठीही रीतसर परवानगी आवश्यक ठरते. प्रयोगाच्या अखेरीस रोपाचे शुष्क वजन ३० ग्रॅम होईल असा अंदाज असल्यास वरील प्रमाणानुसार ३० लिटरची कुंडी हवी. इतकी जागा नसेल, तर रोप १० ग्रॅमचे झाले असतानाच प्रयोग संपविणे इष्ट. मग १० लिटरची कुंडी पुरते. भांगेचे अनेक वाण दिवस लहान झाल्यावर फुलतात. म्हणून प्रकाशाचे तास लवकर कमी केल्यास रोप लहान असतानाच फुलोऱ्यावर येते व फुलोऱ्याचा अभ्यास बेताच्या कुंडीतही करता येतो. तात्पर्य, कुंडी निवडावयाची ती पेरणीच्या वेळचे रोप पाहून नव्हे, तर कापणीच्या वेळच्या अपेक्षित वजनावरून.

केवळ घनफळ पाहूनही भागत नाही. पाणी निथळून गेल्यावरही कुंडीच्या तळाशी मातीचा एक थर संपृक्त राहतो. माती तीच असेल, तर या थराची जाडी कुंडी उंच असो वा बसकी, जवळजवळ सारखीच असते. साहजिकच बसक्या कुंडीतील मातीचा मोठा भाग पाण्याने भरलेला राहून मुळांना हवा कमी मिळते. कोवळे रोप फार मोठ्या कुंडीत लावल्यासही माती दीर्घकाळ ओली राहण्याचा संभव असतो. तेथे पाणी बेताने द्यावे लागते.

प्रत्येक प्रयोगाच्या वृत्तात कुंडीचे घनफळ, उंची आणि अखेरचे शुष्क वजन या तीन गोष्टी नमूद कराव्यात. शक्य असेल तेथे काही रोपे दुप्पट घनफळाच्या कुंडीत वाढवून पाहावीत. निष्कर्ष दोन्हीकडे सारखाच आला, तर तो वनस्पतीविषयीचा आहे असे अधिक विश्वासाने म्हणता येईल; न आल्यास मोजमाप कुंडीचेच झाले, असे समजावे.