मंगरूळपीरहून दिसणारं ग्रंथालय

कपाशीवर फवारणी करताना विषबाधा झालेला मजूर मंगरूळपीरच्या सरकारी रुग्णालयात येतो, तेव्हा ॲट्रोपिन हा उतारा कधी द्यायचा हे तिथल्या डॉक्टरला ठाऊक असतं. पण कीटकनाशकाच्या डब्यावर दोन-तीन औषधांचं अनोळखी मिश्रण असलं की पाठ केलेलं अपुरं पडतं. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली अशाच फवारणीने २०हून अधिक माणसं दगावली. म्हणून अशा डॉक्टरच्या हाताशी वैद्यकीय ग्रंथालय हवं. रुग्ण समोर असताना ग्रंथपालाची वाट पाहता येत नाही, हा आक्षेप खरा आहे. त्यासाठी दिल्लीच्या एम्समधलं विष-माहिती केंद्र १९९५पासून फोनवर आहे. पण दुसऱ्या दिवशी, पुढच्या रुग्णाआधी, नीट वाचायचं कुठे? जिल्ह्याच्या ठिकाणी, वाशिमला, २०२४मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. अशा महाविद्यालयाला ग्रंथालय लागतंच. माझं म्हणणं एवढंच, की ते तालुक्याच्या डॉक्टरला मोबाइलवर सापडलं पाहिजे. सापडलं नाही, तर त्याच्यापुरतं ते नाहीच.

यावर लगेच म्हटलं जातं, की गूगल आहे, पबमेड तर १९९७पासून सर्वांना फुकट आहे. आहे, पण पबमेडवर बहुतेकदा सारांश मिळतो, पूर्ण लेखासाठी पैसे मोजावे लागतात. नॅशनल मेडिकल लायब्ररीच्या ‘अर्मेड’सारख्या योजनांतली नियतकालिकं सदस्य संस्थांपुरती असतात. करारामुळे ती बाहेर देता येत नाहीत, हेही मान्य. मात्र ग्रंथपालाचा फोन, पुस्तकांची सूची, मोफत नियतकालिकांचे दुवे, हे महाविद्यालयाच्या संकेतस्थळाच्या पहिल्याच पानावर ठेवायला कोणता करार आडवा येतो? मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या डॉक्टरांनी १९५५पासून चालवलेलं ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ पूर्ण लेखांसह विनामूल्य वाचता येतं. ते आहे हे सांगणारं माणूस मात्र हवं.

गावाकडच्या डॉक्टरला एवढ्या वाचनाचं काय काम, असं विचारणाऱ्यांनी डॉ. हिंमतराव बावस्करांकडे पाहावं. कोकणात महाडच्या परिसरात विंचूदंशाचे रुग्ण तपासता तपासता त्यांनी जे टिपलं, ते १९८२मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. आणि वाचायचं फक्त डॉक्टरलाच नसतं. रुग्णालाही स्वतः वाचायचं असतं, हे मुंबईत मालपाणी दांपत्याच्या ‘हेल्प’ या मोफत आरोग्य-ग्रंथालयाने १९९७पासून गृहीत धरलं. वाशिमच्या ग्रंथालयाच्या पानावर सर्पदंश आणि फवारणी यांवर डॉक्टरांनी तपासलेली दोन मराठी पानं पावसाळ्याआधी असावीत, मोठ्या अक्षरात, कमी डेटात उघडणारी.