मागचं चाक वाकडं का बसतं?

दोस्तांनो, तुमच्या जिन्याखाली एखादी जुनी रेसर सायकल धूळ खात पडली आहे का? एडक्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं हँडल आणि अरुंद टायरवाली? मग आजचा लेख तुमच्यासाठीच!

जोगेश्वरीत मजासवाडीच्या चढावर मी अशीच एक रेसर चालवायचो. उभं राहून जोरात पेडल मारलं, की मागून 'खर्र... खर्र...' आवाज यायचा. एकदा तर चढावरच चाक फ्रेमला अडकलं आणि मी सायकलसकट आडवा! गुडघा फुटला, पण त्याहून मोठी काळजी म्हणजे नव्या रिंगेचे पैसे कुठून आणायचे? नाक्यावरच्या सायकलवाल्या काकांनी चाक फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "अरे, रिंग सरळ आहे. चाक वाकडं बसलंय!"

हे असं का होतं? १८८५ साली इंग्लंडमध्ये जॉन केम्प स्टार्ली यांची 'रोव्हर' सायकल आली. चेनने मागचं चाक फिरवायची तिची पद्धत आजही तीच आहे. पण चेन असते फक्त उजव्या बाजूला! नट ढिला असेल, तर चेन एक्सलचं उजवं टोक पुढे ओढते आणि चाकाचा पुढचा भाग डावीकडे वळून फ्रेमला घासतो. आजच्या बहुतेक गिअरवाल्या सायकलींत एक्सलची खाच उभी असते. जुन्या रेसरमध्ये ती आडवी असते, म्हणून एक्सल सरकतो.

आधी तपासा. चाक फिरवा आणि ब्रेकच्या रबराकडे बघा. रिंग डावी-उजवी डुलत असेल, तर ती 'आऊट' आहे. तारा आवळायचं ते काम दुकानातच करून घ्या. फट सगळीकडे सारखी, पण एकाच बाजूला जास्त असेल, तर चाक सरळ बसवायचं काम तुम्हीच करा.

१. पोतं अंथरून सायकल उलटी ठेवा. दोन्ही नट पान्याने थोडे ढिले करा.

२. चाक मागे ओढा. चेन मधोमध बोटाने दाबली, की साधारण एक सेंटिमीटर हलली पाहिजे. (गिअर असतील तर ही काळजी नको, तिथे चेन स्प्रिंगने ताणलेली असते.)

३. पेडलकडून येणाऱ्या दोन नळ्यांच्या बरोबर मध्ये टायर आणा. दोन्हीकडची फट पट्टीने मोजा.

४. चाक तसंच धरून नट आवळा. थोडा उजवा, थोडा डावा, पुन्हा उजवा. एकच नट एकदम आवळलात, तर चाक परत फिरतं. माझं तीन वेळा फिरलं होतं!

एवढं करूनही सीटखालच्या ब्रेकपाशी चाक एका बाजूला झुकतंय? मग चाक काढून उलटं बसवून बघा, चेन न लावता. झुकाव दुसऱ्या बाजूला गेला, तर दोष चाकाचा. त्याच बाजूला राहिला, तर फ्रेमचा किंवा खाचांचा. आता दुकानदाराला नेमकं काय सांगायचं, ते तुम्हाला ठाऊक!

शेवटी नट पुन्हा तपासा, ब्रेक दाबून बघा आणि पहिली चक्कर इमारतीच्या आवारातच मारा, हायवेवर नाही. आवाज आला नाही ना? मग काळे झालेले हात धुवा आणि निघा!