शब्दाचा अर्थ कुठे राहतो?

शब्दाचा अर्थ शब्दकोशात असतो, असे आपण विद्यार्थ्यांना सांगतो. मीही सांगत आलो. एकदा वर्गात फळ्यावर ‘तळे’ हा शब्द लिहिला आणि तो वाचून जो पहिला शब्द मनात येईल तो वहीत लिहायला सांगितले. बहुतेकांनी ‘पाणी’ किंवा ‘कमळ’ लिहिले. तिघांनी ‘महाड’ लिहिले. शब्दकोशात ‘तळे’ काढून पाहिले तर या तिघांचे उत्तर तिथे सापडणार नाही. पण २० मार्च १९२७ ची गोष्ट ज्या घरात दरवर्षी सांगितली जाते, तिथे या शब्दाशेजारी कमळ का यावे?

हा ‘शेजार’ नुसती कल्पना नव्हे. डेव्हिड मेयर आणि रॉजर श्वानेवेल्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९७१ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. दोन अक्षरसमूह दाखवायचे. दोन्ही खरे शब्द आहेत की नाहीत, एवढेच सांगायचे. ‘ब्रेड’सोबत ‘बटर’ आले की उत्तर लवकर येई. ‘नर्स’सोबत ‘बटर’ आले की उशीर होई. फरक सेकंदाच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी, पण निश्चित. अ‍ॅलन कॉलिन्स आणि एलिझाबेथ लॉफ्टस यांनी १९७५ मध्ये उपपत्ती मांडली, ती अशी: अर्थ म्हणजे जाळे. त्यातली एक गाठ जागी झाली की ती जाग शेजारच्या गाठींपर्यंत पसरते. जी वाट अधिक वापरातली, तिच्यावरून ती लवकर जाते.

हे जाळे मेंदूत एकाच कप्प्यात नसते. वस्तूचा रंग, आवाज, हाताळणी यांच्या खुणा निरनिराळ्या भागांत असतात. कानशिलाच्या आतल्या भागाचे पुढचे टोक त्यांना एकत्र बांधते, असे अनेक संशोधक मानतात. ते टोक झिजत गेले की माणूस व्याकरणशुद्ध बोलत राहतो, पण अर्थ गळत जातात. आधी ‘बगळा’ जातो, ‘पक्षी’ उरतो. पुढे तोही जातो.

मी शाळेत ‘उद्यान’ या शब्दापाशी अडखळलो होतो. आमच्या वस्तीत बाग नव्हती. गुरुजी म्हणाले, “तुमच्या डोक्यात भाषा शिरायचीच नाही.” मी ते बरीच वर्षे खरे मानले. डोके होते, त्या शब्दाकडे जाणारी वाट तेवढी पडलेली नव्हती. वाट जन्माने मिळत नाही, वापराने पडते. अडखळण्याला मंदबुद्धी म्हणणे ही शास्त्राची भाषा नव्हे. ती जातीची भाषा आहे.

म्हणून शिक्षक मित्रांना एवढेच सांगणे आहे: नवा शब्द द्याल तेव्हा व्याख्या पाठ करून घेऊन थांबू नका. तो पोराला बोलू द्या, लिहू द्या, त्याच्या अनुभवाला जोडू द्या. आणि ‘तळे’ म्हटल्यावर कुणी ‘महाड’ म्हणाले, तर ते उत्तर खोडू नका. ते फळ्यावर लिहा आणि ‘कमळ’ लिहिणाऱ्यांनाही त्याचा अर्थ कळू द्या.